हाडांची शिल्लक

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



आपल्या मंडळाची एक रीत मला फार आवडते. येथे हळदीकुंकवाचे बोलावणे सर्व बायकांना असते. कपाळ पाहून कोणी बोलावीत नाही. त्यामुळे आज समोर विशीतल्या सुना बसल्या आहेत आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीही बसल्या आहेत. मला जे सांगावयाचे आहे ते दोघींच्याही उपयोगाचे आहे. किंबहुना सुनांच्या अधिक उपयोगाचे आहे.

चिटणीसबाईंनी मला हाडांच्या ठिसूळपणावर दोन शब्द बोलावयास सांगितले. मी डॉक्टरीण नव्हे. माझी शाळा सातवीत संपली. परंतु हे दुखणे गेली तीन वर्षे मी स्वतः वागवीत आहे. त्याविषयी डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, आणि घरात वागताना जे उपयोगी पडले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाडांचे दुखणे म्हटले की आपल्याला गुडघा आठवतो. गुडघा दुखतो, सुजतो, उठताबसता कुरकुरतो. ती बहुधा सांध्याची झीज होय. मी सांगते आहे ते दुखणे निराळे. डॉक्टर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. यात हाड आतून विरळ होत जाते. आणि यातली वाईट गोष्ट अशी की, ते दुखत नाही. तुळईला वाळवी लागली तरी वरून तुळई जशीच्या तशी दिसते. माळवद खचले म्हणजे मग कळते. तसेच हे आहे. बाई हिंडतेफिरते, चार माणसांचा स्वयंपाक करते, आणि एके दिवशी ओल्या फरशीवरून पाय सरकतो, हात टेकला जातो, आणि मनगट मोडते. उन्हात वाळलेली पऱ्हाटी जशी कट्‌कन मोडावी तसे.

ही मोड मुख्यतः तीन ठिकाणी होते: मनगट, पाठीचे मणके आणि खुबा. मनगट पन्नाशीच्या आगेमागे, मणके त्यानंतर आणि खुबा बहुधा सत्तरीनंतर. मणका तर पडल्यावाचूनही दबतो. वाकून पोते उचलले, जोराचा खोकला आला, तेवढेही पुरते. एक मणका दबला तर पाठीत चमक निघाली म्हणून आपण तेल चोळतो आणि विसरतो. असे दोन-तीन मणके दबले म्हणजे उंची कमी होते आणि पाठीला पोक येते. लुगडे पायात येऊ लागते, तेव्हा आपण म्हणतो की म्हातारपणी बाई वाकायचीच. बायांनो, केस पिकणे हे वयाचे देणे आहे. वाकणे हे वयाचे देणे नव्हे; त्यामागे पुष्कळदा मोडलेले मणके असतात. आणि खुबा मोडला तर गोष्ट जिवावर येते. जगभरचा अनुभव असा आहे की, म्हातारपणी खुबा मोडलेल्या पाच जणांपैकी सुमारे एक जण वर्षाच्या आत दगावतो, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

आता असे का होते ते पाहू. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. शरीर जुने हाड थोडे थोडे काढीत असते आणि त्या जागी नवे भरीत असते. आपल्या बचत गटाच्या पासबुकासारखेच ते आहे. लहानपणी आणि तरुणपणी भरणा जास्त आणि काढणे कमी. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वांत मोठी असते. पुढे काही वर्षे जमाखर्च बरोबरीचा चालतो. पाळी जायची वेळ आली म्हणजे मात्र काढणे एकदम वाढते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत एखाद्या बाईच्या हाडांचा पाचवा हिस्साही जाऊ शकतो. याचे कारण असे की, गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचा रस पाझरतो, आणि तो आपल्या हाडांचा राखणदार असतो. पाळी गेली म्हणजे राखणदार गेला.

दुसरे कारण जेवणातले. शरीरातील कॅल्शियमपैकी शंभरात नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत असतो. उरलेला एक भाग रक्तात व इतर ठिकाणी असतो. पण त्याच्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते, म्हणून तो कमी पडून चालत नाही. जेवणातून कॅल्शियम आले नाही तर शरीर हाडांतून उचल घेते. उचल हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा कोयता हाती घ्यावा लागतो. हाडांतली उचलही तशीच न फिटता वर्षानुवर्षे चढत जाते. मूल अंगावर पिते तेव्हाही आईच्या हाडांतून थोडी उचल होते; परंतु दूध तुटल्यावर तिने पोटभर व सकस खाल्ले तर ती भरून निघते.

म्हणून मी म्हटले की हा विषय सुनांचा आणि लेकींचा आहे. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या हाडांच्या एकूण ठेवीपैकी दहात नऊ भागांपर्यंत भरणा होऊन गेलेला असतो. तेवढ्या काळात जे भरले ते भरले. आणि आपल्या जिल्ह्यात काय चालते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले की, परभणी जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांची लग्ने अठराच्या आत झाली होती. जिची स्वतःची हाडे अजून भरावयाची आहेत, तिच्या पोटात दुसऱ्याची हाडे घडू लागतात. मुलीचे लग्न लांबविणे म्हणजे तिच्या म्हातारपणाची सोय करणे होय, असे मला वाटते.

आता एक नाजूक गोष्ट बोलते. पुरुषमंडळी येथे नाहीत, तेव्हा मोकळेपणाने बोलते. आपल्या भागात पिशवी काढण्याचे प्रमाण फार आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आले. तीन वर्षांत ४६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे त्या वेळी विधिमंडळात सांगण्यात आले. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची विचारपूस झाली, त्यांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या बायकाही त्याच उसाच्या फडांवर जातात. फडावर पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी. एक खाडा झाला तरी दंड. अशा बाईला कोणी म्हटले की एकदाच काय ते काढून टाक, तर तिला ते बरेच वाटते. पण पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तिच्या हाडांचा राखणदार पस्तिशीतच जातो. म्हणजे जे पन्नाशीनंतर व्हावयाचे ते पंधरा वर्षे आधी सुरू होते. अंडाशये ठेवली तरी काही जणींची ती लवकर थकतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझे ऑपरेशन तेहतिसाव्या वर्षी झाले. अंगावरून पांढरे जात होते आणि कंबर दुखत होती. मुले झालीच आहेत, आता पिशवीचे काय काम, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, असे आम्हांला एका दवाखान्यात सांगण्यात आले. कोणती तपासणी झाली नाही, आधी औषध देऊन पाहिले नाही. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी न्हाणीत घसरून माझे मनगट मोडले. हाड बसविणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि विचारले, "ताई, तुमची पाळी कधी गेली?" मी ऑपरेशनचे सांगितले. त्यांनी जुने कागद मागविले. त्या कागदांवरून अकरा वर्षांनी मला कळले की, पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती. मग छत्रपती संभाजीनगरला हाडांची तपासणी झाली आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले.

पिशवी काढूच नये असे मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव औषधाने थांबतच नसेल, तर काढावी लागते आणि त्याने जीव वाचतो. परंतु पांढरे जाणे आणि कंबर दुखणे यांवर बहुधा औषधे असतात. काढण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या. आजाराचे नाव काय? दुसरा उपाय करून पाहिला का? अंडाशये ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली नियम ठरविले आहेत, आणि ते राज्यांनी अमलात आणावेत असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले आहे. तेव्हा विचारणे हा आपला आगाऊपणा नव्हे, हक्क आहे. ज्यांचे ऑपरेशन आधीच झाले आहे त्यांनी घाबरू नये. पण आपले कागद शोधून ठेवावे आणि डॉक्टरांना हाडांविषयी अवश्य विचारावे.

आता उपायांकडे वळते. पहिला उपाय ताटातला.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्या देशातल्या माणसाने काय किती खावे ते तेथे ठरते. २०२० च्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम कॅल्शियम लागते. पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम लागते. आपल्या ताटात ते किती येते? ज्वारीची भाकरी हे आपले मुख्य अन्न. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी शक्ती अशा नामांकित ज्वाऱ्या काढल्या. २०१८ ची परभणी शक्ती लोह आणि जस्ताने भरलेली आहे. ज्वारी उत्तमच आहे, परंतु कॅल्शियम तिच्यात थोडे. तीन भाकरींतून चाळीस-पन्नास मिलिग्रॅमच मिळते. तेव्हा भाकरीबरोबर काय घेतो यावर सारे अवलंबून आहे.

एक मोठा पेलाभर दूध घेतले तर सुमारे २४० मिळते. वाटीभर दह्याचे दीड-दोनशे. मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी शंभर ग्रॅम पाल्याची केली तर पावणेतीनशे-तीनशे. दोन मोठे चमचे तिळाची चटणी केली तर आणखी दोनशेच्या वर. वाटीभर मटकी-हरभऱ्याची उसळ आणि वरण मिळून शंभराच्या आसपास. बेरीज हजाराजवळ जाते. तिळातले, राजगिऱ्याच्या भाजीतले आणि पालकातले सगळे कॅल्शियम शरीराला घेता येत नाही, म्हणून एकाच वस्तूवर भिस्त ठेवू नये. मेथी आणि शेवगा यांतले चांगले लागू पडते. कारळाची आणि जवसाची चटणीही चांगली. नाचणी आपल्या रानात पेरीत नाहीत, ती कोकण-कोल्हापूरकडची. पण किराणा दुकानात मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. आठवड्यातून दोन-तीनदा तिची भाकरी किंवा आंबील करावी. भोगीला आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो. ते तीळ भोगीपुरते न ठेवता सारा हिवाळाभर लावावे.

यात महाग असे दूधच आहे. आणि खरी अडचण तेथेच आहे. म्हैस घरची असली तरी दूध डेअरीला जाते, उरलेले मुलांना, दही घरधन्याला, आणि घरच्या बाईला चहात पडेल तेवढे. सर्वांचे झाल्यावर ती जेवायला बसते तेव्हा पातेल्यात भाजीचा रस्साच शिल्लक असतो. हे कोणी मुद्दाम करीत नाही. पण तसे घडते. मी घरात एक नियम केला आहे. विरजण लावतानाच माझी आणि सासूबाईंची वाटी वेगळी लावते. वाटी वेगळी असली म्हणजे कोणी तिला हात लावीत नाही. तुम्हीही असे करून पाहा. हाडाला कॅल्शियमबरोबर प्रथिनेही लागतात. म्हणून डाळ-उसळ रोज असावी, आणि चालत असेल तर अंडी-मासे घ्यावे.

तंबाखूविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे कित्येक बायका सकाळी मिश्री लावतात. विडी-सिगारेटने हाडे ठिसूळ होतात हे सिद्ध झालेले आहे, आणि मिश्रीतही तीच तंबाखू असते. शिवाय तोंडाच्या कॅन्सरची भीती ती वेगळीच. कोणी म्हणते, तंबाखूत चुना असतो, तो हाडाला लागतो. ही समजूत सोडून द्यावी.

दुसरा उपाय उन्हाचा. खाल्लेले कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. परभणीला उन्हाचा काय तोटा! तरीही भारतात पुष्कळ बायकांत हे जीवनसत्त्व कमी आढळते, कारण आपले काम घरात आणि अंग झाकलेले. कोणते ऊन घ्यावे याची एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे ते सुमारे साडेअकरा ते दीड या वेळात मिळते. चैत्र-वैशाखात सकाळी नऊ-सव्वानऊनंतरच सावली आखूड होते. तेव्हा त्या दिवसांत त्याच सुमारास थोडा वेळ बसून घरात यावे, भर दुपारी नव्हे. थंडीत हात कोपरापर्यंत, पाय, मान उघडी ठेवून वीस-तीस मिनिटे बसावे. काचेच्या खिडकीआडून घेतलेले ऊन या कामी चालत नाही. पापड, कुरडया, वाळवण राखायचे काम सुनेवर टाकू नये. आपण स्वतः माळवदावर बसावे.

तिसरा उपाय पायांवर भार देण्याचा. हाडावर भार पडला म्हणजे शरीर तेथे भरणा करते. आपल्या गंगाखेडची संत जनाबाई जाते ओढीत असे. जाते गेले, विहिरीवरचे पाणी गेले, हे बरेच झाले. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पण त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. रोज अर्धा तास झपझप चालावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर उचलाव्या. याने पायांत बळ येते आणि तोल राहतो. लेकींना फुगडी, झिम्मा, दोरीवरच्या उड्या खेळू द्याव्या. मुलीची जात म्हणून तिला बसवून ठेवू नये. उड्या मारण्याच्या वयात उड्या मारल्या तर हाड भरते.

परंतु ज्यांची हाडे आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी निराळे वागावे. कंबरेत वाकून ओझे उचलू नये. पायाचे अंगठे धरण्यासारखी आसने करू नयेत. मी आता लांब दांड्याच्या झाडूने उभी राहून झाडते. भाजी विळीवर न चिरता टेबलाशी बसून सुरीने चिरते. एक घागर आणण्याऐवजी दोन छोट्या कळशा दोन हातांत घेते. खालची वस्तू उचलावयाची तर गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून उचलते. पहिल्यांदा शेजारणी हसल्या. आता त्यांच्यापैकी दोघींकडे लांब दांड्याचे झाडू आले आहेत.

चौथा उपाय म्हणजे पडू नये. हाड ठिसूळ असले तरी पडलेच नाही तर पुष्कळदा ते मोडत नाही. आपल्या घरांतून शहाबादी फरशी असते, आणि न्हाणीत ती साबणाने गुळगुळीत होते. तेथे रबराची चटई टाकावी. न्हाणीत आणि शौचकुपात भिंतीला लोखंडी दांडी बसवून घ्यावी; गवंडी-लोहाराचे तासाभराचे काम आहे. रात्री उठण्याच्या वाटेवर लहान दिवा असावा. उंबऱ्याला पांढरा रंग द्यावा. झिजलेल्या चपला फेकून द्याव्या. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा वर्षाने तपासावा, आणि मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. क्षणभर बसून मग उभे राहावे.

शेवटी दवाखान्याचे. हाडांची खरी तपासणी डेक्सा नावाच्या यंत्राने होते. ती साध्या एक्स-रेसारखी, न दुखणारी असते. तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली आला तर हाडे ठिसूळ समजतात. उणे एक ते उणे अडीचच्या मध्ये असला तर विरळ समजतात. माझा उणे २.८ आला होता. शिबिरांतून टाचेला यंत्र लावून पाहतात, ती केवळ चाळणी आहे. तेवढ्यावर औषधाचे डबे विकत घेऊ नयेत. पासष्टी ओलांडलेल्या बाईने, आणि लवकर पाळी गेलेल्या किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेल्या बाईने त्याआधीही, ही तपासणी करून घ्यावी.

यावर औषधे आहेत. कोणाला आठवड्याची गोळी, कोणाला सहा महिन्यांनी किंवा वर्षाने इंजेक्शन. ते डॉक्टर ठरवितात. मला आठवड्याची गोळी आहे. ती रविवारी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, चहाही घ्यावयाचा नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी आठवड्याने घ्यावयाची असते आणि तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. चांगली वाटते म्हणून रोज घेतली तर मूत्रपिंडे बिघडतात. मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर कॅल्शियमची गोळी सुरू करण्याआधी तसे सांगावे. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी दुकानात विचारावे. पुष्कळ औषधे तेथे स्वस्त मिळतात.

आणि एक धोक्याची सूचना. कंबरेवर, गुडघ्यावर नावगाव नसलेल्या पुड्या आठवडी बाजारात मिळतात. दोन दिवसांत दुखणे पळते म्हणून त्यांचा बोलबाला होतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे पोखरते. ज्यांना दम्यासाठी किंवा आमवातासाठी डॉक्टरांनीच स्टिरॉइड दिले आहे त्यांनी ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये; हाडांसाठी काय करावे ते त्यांनाच विचारावे.

गेलेली शिल्लक सगळी परत येत नाही हे खरे आहे. पण मला तीन वर्षांत दुसरी मोड झालेली नाही, आणि मागच्या तपासणीत आकडा आणखी खाली गेला नाही, थोडा वर आला. मी स्वयंपाक करते, बाजार करते, मंडळाच्या कामाला येते. उशिरा सुरुवात केली तरी उपयोग होतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने तीन सूचना मांडते. पहिली, मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर इंचांची पट्टी रंगवावी आणि दर वर्धापनदिनी प्रत्येकीची उंची वहीत लिहावी. तरुणपणापेक्षा दीड इंचाने उंची कमी झालेली दिसली तर त्या बाईला एक्स-रेसाठी पाठवावे. याला खर्च काहीच नाही. दुसरी, पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न लुटता न्हाणीत टाकावयाच्या रबरी चटया लुटाव्या. डबे आपल्या सर्वांच्या फळीवर पुष्कळ झाले आहेत. तिसरी, आपल्यापैकी कोणाला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर तिने एकटीने निर्णय करू नये. मंडळातल्या दोघींनी तिच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे आणि ते तीन प्रश्न विचारावे. तिच्याबरोबर जावयास मी नेहमी तयार आहे. रात्री-अपरात्री हाक मारली तरी येईन.